आळशी रकाना

"मग? चोर सापडला म्हणायचा?" दस्तगीर सरांनी विचारलं.

"सापडली," ऋत्विज म्हणाला.

"बाई आहे होय." सर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. हात काही थांबले नाहीत. "बस की."

ऋत्विज बसला नाही. तो दारातच अडखळला होता. उंबऱ्याबाहेर बायकी चपलांचा एक जोड होता, निळ्या पट्ट्यांचा, आणि मालनताई टोणे निळ्या पट्ट्यांच्याच चपला घालतात. म्हणजे ही बया आपल्या आधी येऊन पोचली तर! आतल्या खोलीत बसून कान देऊन ऐकत असणार…

आता, निळ्या पट्ट्यांच्या चपला मिरजेत हजारभर बायका तरी घालत असतील. पण एकदा डोक्यात संशयाचा किडा शिरला की माणसाला हजार दिसत नाहीत, एकच दिसते.

हा ऋत्विज कुलथे एका लहानशा समुपदेशन केंद्राची संगणकप्रणाली सांभाळायचा. घरी मार खाल्लेल्या, घराबाहेर काढलेल्या बायका तिथं येत आणि जे सख्ख्या आईला सांगता येत नाही ते सांगत. ते 'खासगी टिपण' म्हणून नोंदवलं जाई. ही प्रणाली मुळात उभी केली दस्तगीर सरांनी, तंत्रनिकेतनातून निवृत्त झाल्यावर, हौसेनं. ऋत्विज त्यांचाच विद्यार्थी आणि पोरगं हुशार. आपण हुशार आहोत हे त्याला कुणी सांगावं लागत नसे, एवढीच काय ती भानगड.

"पत्र आणलंय," ऋत्विज म्हणाला. "मालनताईंना कामावरून काढावं म्हणून. पाच वाजता समितीची बैठक आहे. तुम्ही विश्वस्त, तुमची सही लागते."

"मालन अठरा वर्षं आहे तिथं."

"म्हणून तर कुणाला संशय आला नाही. कुंपणच शेत खातंय, सर!"

"दोन पोरी शिकतात तिच्या. नवरा नाही."

"मला वाईट वाटत नाही का? पण लोकांच्या बायकांची गुपितं वाचायची म्हणजे… काय काय लिहिलंय त्यात, सर! आमच्या समोरच्याच घरातल्या त्या…"

वाक्य त्यानं तिथंच तोडलं.

सरांनी एक शेंग फोडली. दाणे बघितले. ताटात टाकले.

"तुला संशय कधी आला?" त्यांनी विचारलं.

"मागच्या सोमवारी. चहाच्या वेळी मालनताई सहज म्हणाल्या, 'त्या कुपवाडच्या पोरीचा भाजलेला हात बरा झाला का हो?' सर, तो भाजलेला हात फक्त खासगी टिपणात लिहिलाय, समुपदेशक बाईंना विचारून खात्री केलीय मी. मालनताईंचं काम नाव, तारीख आणि पुढची भेट लिहिण्याचं. टिपण उघडण्याशी त्यांचा संबंध काय?"

"मग नोंदवहीत बघितलंस?"

नोंदवही म्हणजे सरांचीच युक्ती. कुणीही एखादं टिपण उघडलं की प्रणाली आपोआप लिहून ठेवी, कुणी उघडलं, कधी उघडलं.

"बघितलं. मालनताईंच्या नावावर एकही उघडणं नव्हतं. प्रणाली सुरू झाल्यापासून एकही नाही! इतकं स्वच्छ कुणाचं असतं का? तेव्हाच मी ओळखलं, नोंद पुसतेय ही बाई. मग लावला पहारा. फक्त मालनताईंवर."

"आणि?"

"चार दिवसांत चारशे बारा टिपणं."

"वा," सर म्हणाले. "म्हणजे पहारा बसल्यावर चोरी सुरू झाली."

ऋत्विजनं त्यांच्याकडे निरखून पाहिलं. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर काही दिसेना. आत भांडं वाजल्यासारखं झालं आणि त्यानं झटकन मान वळवली. कुणी तरी आहे आत. नक्की आहे.

"सही करतो मी," सर म्हणाले. "पण माझं एक काम कर आधी. उद्या रंगारी यायचाय. स्वैपाकघरातली फळी रिकामी करायची आणि डबे परत जागच्या जागी लागले पाहिजेत, नाहीतर आपा घर डोक्यावर घेईल. फळीवरच्या डब्यांची यादी कर. डावीकडनं. सगळं लिही."

आपा म्हणजे सरांची थोरली बहीण. भावाची बायको गेल्यापासून घर त्याच सांभाळत.

ऋत्विजला काम फार पसंत पडलं. आत शिरायला आयतीच सबब.

स्वैपाकघरात कुणी नव्हतं. मागचं दार उघडं होतं, परसात कुणीतरी भांडी घासत होतं आणि इथून नुसता हिरव्या लुगड्याचा सोगा दिसत होता. मालनताईंचं लुगडं हिरवं असतं का? असतंही कधी कधी.

फळीवर एकवीस डबे होते. प्रत्येकावर सरांच्या टपोऱ्या अक्षरातलं लेबल. तूरडाळ. मसूर. पोहे. एखाद्या साध्या माणसानं लेबलं वाचून पाच मिनिटांत यादी संपवली असती.

पण ऋत्विज साधा थोडाच होता? लेबलावर विश्वास ठेवायचा, हे त्याच्या रक्तातच नव्हतं. बाहेर एक आणि आत एक, हेच तर जग चाललंय! त्यानं पहिला डबा काढला, झाकण उघडलं, तूरडाळ पाहिली आणि लिहिलं, तूरडाळ. दुसरा उघडला. तिसरा उघडला.

चौदाव्या डब्यावर लेबल होतं 'बेसन'. आत बेसन नव्हतं.

ऋत्विज मनातल्या मनात टाळी पिटत हसला.

फळीच्या टोकाला फडक्यात गुंडाळलेलं एक पातेलं होतं, लेबल नसलेलं. तेही त्यानं सोडवलं. आत दूध की दही कळेना, म्हणून थोडं तिरकं करून हलवून पाहिलं. मग फडकं होतं तसं बांधलं आणि यादी घेऊन बाहेर आला.

"झाली?" सर म्हणाले.

"झाली. आणि सर, तुमची लेबलंसुद्धा खोटी आहेत. ऐका. चौदा नंबर. लेबल बेसन. आत मशेरीची पुडी एक, भाजलेल्या मशेरीची डबी एक, आणि…"

आतून पातेल्यावरचं झाकण पडल्याचा आवाज आला.

दारात आपा उभ्या होत्या. हिरवं लुगडं त्यांचंच होतं. निळ्या पट्ट्यांच्या चपलाही त्यांच्याच असणार, हे ऋत्विजच्या आत्ता ध्यानात आलं. हातात ते पातेलं होतं.

"माझं दही कुणी हलीवलं?" असं विचारायला त्या बाहेर आल्या होत्या. पण तो प्रश्न त्यांच्या तोंडातच राहिला.

अकरा वर्षांपूर्वी, भावाला हृदयाचा झटका आला तेव्हा, याच आपांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली होती, तू बरा हो, मी मशेरी सोडते. भाऊ बरा झाला. गल्लीतल्या सगळ्या बायकांना आपांनी ती शपथ सांगितली होती.

आपांनी भावाकडे बघितलं नाही. ऋत्विजकडेही नाही. पदर तोंडाला लावला.

"या अल्ला," त्या एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या. मागचं दार लागल्याचा आवाज आला.

ऋत्विजच्या हातात यादी तशीच राहिली. सत्तरीची बाई आपल्यापायी तोंड लपवून गेली, हे त्याला फार झोंबलं.

"सर, मला काय माहीत…"

"मला माहीत होतं," सर म्हणाले. "दर शुक्रवारी फळी मीच पुसतो. बेसनाचा डबा उचलला की कळतं, बेसन इतकं हलकं नसतं."

"तुम्ही उघडलात कधी?"

"कशाला?"

"मग तुम्हाला कळलं कसं?"

"उघडल्याशिवाय कळत नाही, असं कुणी सांगितलं तुला?" सर म्हणाले. "कुपवाडची ती पोर आली त्या दिवशी मी केंद्रात होतो. कोपरापर्यंत पांढरी पट्टी होती हाताला. मालननंच तिला बाकावर बसवून पाणी पाजलं."

ऋत्विजनं हातातली यादी घडी घालून खिशात टाकली. मग चिडून म्हणाला, "बरं, हात दिसला असेल. मानलं. पण चारशे बारा टिपणं? ती पण पट्टीवरून कळली? नोंदवही खोटं बोलत नाही, सर!"

"नाही बोलत," सर म्हणाले. "चूक माझी आहे. यादी करताना लेबलं वाच म्हणायचं, ते मी तुला 'सगळं लिही' म्हणालो."

"तेच की! तुम्ही सगळं म्हणालात, म्हणून मी सगळं…"

आणि ऋत्विज थांबला.

…

सरांनी ताटातली टरफलं एका बाजूला केली.

खासगी टिपणाचा रकाना सरांनी मुद्दाम वेगळा बांधला होता. एखाद्या बाईची नोंद कोठारातून मागवली की नाव येई, तारीख येई, पण टिपण येत नसे. त्याच्या जागी नुसती एक खूण येई, 'हाक मारलीत तर आणतो' अशी. कुणी खरोखरच त्या रकान्याला हात लावला तरच प्रणाली धावत जाऊन टिपण आणी आणि नोंदवहीत नाव लिही. तंत्रनिकेतनात असताना वर्गात सर असल्या रकान्याला 'आळशी रकाना' म्हणत. बोलावल्याशिवाय उठत नाही म्हणून आळशी. पोरं हसायची. ऋत्विजही हसला होता.

मालनताईंच्या पडद्यावर जी नावांची यादी दिसे, ती सरांनी हातानं लिहिली होती. नाव लिही, तारीख लिही, पुढची भेट लिही, संपलं. ऋत्विजला ते फार जुनाट वाटे. एकेक रकाना काय लिहीत बसायचा? म्हणून पहाऱ्याचा प्रोग्राम लिहिताना त्यानं एका ओळीत काम उरकलं होतं. मालनताईंच्या समोर जी नोंद येईल ती पूर्ण, जशीच्या तशी जेसॉनमध्ये, म्हणजे कुणालाही वाचता येईल अशा साध्या मजकुरात, उतरवून ठेव.

पूर्ण. जशीच्या तशी. सगळं.

आणि जेसॉन करणारं यंत्र लेबल वाचून पुढं जात नाही. एकेक झाकण उघडतं.

"सरावाची प्रत आहे तुझ्याकडे?" सरांनी विचारलं.

होती. खोट्या नावांची, खोट्या टिपणांची, शिकाऊ लोकांसाठी केलेली. ऋत्विजनं लॅपटॉप काढला.

"माझ्यावर लाव पहारा," सर म्हणाले.

"तुमच्यावर?"

"का? मी चोर नसेन कशावरून?"

ऋत्विजनं पहाऱ्यात मालनताईंच्या जागी सरांचं नाव घातलं. सरांनी शेंगांचा हात धोतराला पुसला, आपल्या नावानं प्रणालीत शिरले, नावांची यादी उघडली. पहिल्या पानावर पंचवीस नावं आली. एकाही नावावर त्यांनी बोट ठेवलं नाही. नुसते बघत बसले. मग लॅपटॉप ऋत्विजकडे सरकवला.

"बघ नोंदवहीत."

ऋत्विजनं नोंदवही उघडली.

दस्तगीर मुल्ला. उघडलेली टिपणं, पंचवीस.

"अरेच्चा," सर म्हणाले. "मी तर अट्टल निघालो."

ऋत्विजला हसू आलं नाही. त्याचे कान तापले होते. पहारा चालायचा तो मालनताई आत असताना, त्यांच्याच प्रवेशावर. झाकणं उघडत होता पहारा. नोंदवही विचारी, आत्ता आत कोण आहे? मालन टोणे. मग लिही तिचंच नाव. आणि पहारा फक्त त्यांच्यावर होता, म्हणून चोरीही फक्त त्यांच्याच नावावर होत होती. दुसऱ्या कुणावर लावला असता, तर तो चोर ठरला असता. जितकं बारकाईनं तो बघत होता, तितका पुरावा वाढत होता. चार दिवस तो एकेक आकडा बघून मिशीत हसत होता!

"सर… मी त्या बाईला आज पाच वाजता…"

"घड्याळात सव्वातीन झालेत," सर म्हणाले.

"चूक झाली माझी. मोठी चूक झाली." ऋत्विजनं डोकं धरलं. पण पोरगं हुशार होतं आणि हुशार माणूस फार वेळ डोकं धरून बसत नाही. त्यानं लॅपटॉप जवळ ओढला. "हे दोन मिनिटांचं काम आहे, सर. यंत्राला सांगायचं, जो रकाना अजून आलेला नाही, त्याला हात लावू नकोस. तिथं नुसतं लिही, 'आणलेला नाही'. आणि टिपण तर यादीतूनच वगळायचं, कायमचं. बघा… हे बघा. चालवू?"

त्यानं चालवलं. सरांनी पुन्हा नावं उघडली. नोंदवहीत या खेपेला एकही उघडणं आलं नाही.

"झालं!" ऋत्विज म्हणाला. कितीतरी वेळानं त्याचा आवाज मोकळा झाला होता. "आता कुणाचंच टिपण बाहेर पडणार नाही."

"छान केलंस," सर म्हणाले.

ते खरंच मनापासून म्हणाले. ऋत्विजला ते कळलं आणि बरं वाटलं. त्यानं पाण्याचा तांब्या उचलला, घटाघटा प्यायला.

"आणि जी पडली ती?" सरांनी विचारलं.

"कुठली?"

"चारशे बारा."

ऋत्विजच्या हातात तांब्या तसाच राहिला.

"पहाऱ्यानं उतरवून घेतली म्हणालास. साध्या मजकुरात. कुठं ठेवली?"

"…माझ्या लॅपटॉपवर."

"कुलूप?"

"नाही. म्हणजे… पुरावा म्हणून ठेवली होती. समितीला दाखवायला."

"मालननं वाचली का ती?"

"नाही. तिच्या पडद्यावर आलीच नाहीत. ती तर नुसती नावं बघत होती."

"मग कुणीच वाचली नाहीत म्हण की."

ऋत्विज खाली बघत राहिला. आत आपांनी मागचं दार उघडलं, बादली ओढल्याचा आवाज आला. मोडलेलं दही त्यांनी मोरीत ओतलं असावं.

"बाई काय काय वाचते ते बघायला… मी चाळली, सर. सगळी नाही. थोडी."

सरांनी मांडीवरची टरफलं झटकली.

"समोरच्या घरातल्या वहिनी आहेत, त्यांचं निघालं त्यात. दर संक्रांतीला आम्हाला तिळगूळ देतात. त्यांच्या नवऱ्याबरोबर मी क्रिकेट खेळतो. मला स्वप्नातसुद्धा… सर, चार दिवस झाले, त्या जिन्यात दिसल्या की मी मोबाईल काढून बघत बसतो. परवा त्यांनी विचारलं, 'भाऊजी, रागावलात का आमच्यावर?'"

हे सांगता सांगताच ऋत्विजच्या ध्यानात आलं, की चार दिवस आपण मालनताईंवर चिडत होतो ते नेमकं याचसाठी, वहिनींचं हे तिनं वाचलं म्हणून.

सरांनी एक शेंग उचलली. फोडली नाही. परत ठेवली.

"ते सगळं आत्ता पुसून टाकतो," ऋत्विज म्हणाला.

"पूस."

त्यानं पुसलं. पुन्हा पुन्हा तपासलं. काही उरलं नव्हतं. लॅपटॉप मिटला.

"सर, डोक्यातलं कसं पुसू?"

सरांनी शेंगांचं ताट उचलून बाजूला ठेवलं.

"आणि आपांना मी तोंड कसं दाखवू?"

आतून आपांचा आवाज आला, जरा घोगरा, पण नेहमीसारखा, "त्या पोराला च्या ठेवू का रं?"

"ठेव," सर ओरडून म्हणाले. "साखर कमी घाल. आजकाल त्याला गोड चहाचाही संशय येतो."

ऋत्विजनं डोळे पुसले. साडेतीन वाजले होते. त्यानं पिशवीतून ते पत्र काढलं, चांगल्या कागदावर, नीट टाईप केलेलं. 'अशा व्यक्तीच्या हाती केंद्रातील स्त्रियांची गुपिते सुरक्षित नाहीत', हे त्यातलं वाक्य त्याला काल फार आवडलं होतं. त्यानं कागद दोन्ही हातांनी धरला, मधोमध.

"फाडू नकोस," सर म्हणाले आणि खिशातलं पेन काढून त्याच्या हातात दिलं. "मजकूर बरोबर आहे. नुसतं नाव बदल. मी सही करतो."